गाण्यासाठी एक छबिलदास हवं

गेल्या जुलैमधली गोष्ट. परळला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर माझ्या मित्राचा कार्यक्रम होता, बाहेर धो धो पाऊस, लोकल रखडलेल्या, आणि ऐकायला माणसं किती, तर अकरा. त्यातले चौघे आम्ही जुने मित्र. एक वाचनालयाचे काका, ज्यांच्याकडे किल्ली होती. उरलेले सहा मात्र खरोखर ऐकायला आलेले, त्यातल्या एक बाई तर त्या पावसात बदलापूरहून आल्या होत्या.

मित्र बेंजो वाजवतो. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो, हा अमेरिकन बँजो नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचा इलेक्ट्रिक भाऊ, आडवी लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाईपरायटरसारखी बटणं, एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हाताने तार छेडायची, आणि आवाज मोठा करायला पिकअप बसवलेला. गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्या ढोलांच्या वर चढून जो कर्कश पण गोड आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो ना, तो बेंजोचा. माझा मित्र चौदाव्या वर्षापासून बेंजो पार्टीत आहे, अजूनही आहे, गणपतीचे दहा दिवस आणि नवरात्रातल्या सुपाऱ्या यावर त्याचं वर्षाचं बरंचसं भागतं. पण रात्री घरी तोच बेंजो तो वेगळाच वाजवतो. एकदम सावकाश. आवाज बदलणाऱ्या एका पेडलमधून सूर फिरवत, एकेक सूर लांबवत, आणि त्यावर स्वतःचे शब्द म्हणतो, गातो म्हणण्यापेक्षा म्हणतोच. पहाटे साडेचारला येणाऱ्या पाण्याबद्दल. गिरणीचा बिल्ला शेवटपर्यंत खिशात ठेवणाऱ्या वडिलांबद्दल. टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर जागा मिळाली आणि शेजारच्यांचा खोकला ऐकू येईना म्हणून झोप उडालेल्या आजीबद्दल. याला इंडी म्हणा, अल्टरनेटिव्ह म्हणा, प्रायोगिक म्हणा, नावाशी मला घेणंदेणं नाही. अशी गाणी मराठीत दुसरं कोणी करत असेल तर मी तरी ऐकलेली नाहीत.

त्या संध्याकाळी सुरू करायच्या आधी अँपमधून घूंऽऽ असा आवाज येत होता. त्याने पंखा बंद करायला लावला. आवाज कमी झाला पण गेला नाही. मग त्याने ट्यूबलाईट बंद करायला सांगितली, जुन्या ट्यूबचा चोक असतो ना, त्याची घरघर पिकअप पकडतो. अंधार झाला, खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता तेवढाच, आणि घरघर थांबली. मग त्याने पहिलं बटण दाबलं तेव्हा सुराच्या आधी बटणाचा 'खट' ऐकू आला. तीस वर्षं मी बेंजो ऐकतोय, मिरवणुकीत, मांडवात, आमच्या चाळीच्या गच्चीवर, पण हा खट मी पहिल्यांदा ऐकला. पन्नास मिनिटं कोणी हललं नाही. संपल्यावर बदलापूरच्या बाईंनी विचारलं, पुढचा कधी आहे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण वाचनालयाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा इथला शेवटचा कार्यक्रम.

मला जे म्हणायचंय ते सगळं त्या बाईंच्या प्रश्नात आहे. वेगळं संगीत करणाऱ्याला श्रोता मिळत नाही असं आपण सरसकट म्हणतो. श्रोता मिळतो हो. एकदा मिळतो. पण त्याच श्रोत्याला परत भेटायला जागा मिळत नाही, आणि अनोळखी वाटणारं संगीत एकदा ऐकून कोणाला लागत नाही, ते दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा ऐकल्यावर कानात बसायला लागतं. प्रायोगिक नाटकाला ही सोय एकेकाळी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलने दिली होती. गाण्यासाठी मुंबईत या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेची सोयच उरलेली नाही, आणि ती करणं हे कलाकाराचं एकट्याचं काम नाही, शहराचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. चांगलं असेल तर लोक येतातच. हे वाक्य मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकलंय की त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

चरणजित सिंग हे नाव किती जणांना माहिती आहे? मुंबईतले सेशन म्युझिशियन, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेला माणूस. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीच्या तेव्हा नव्याच आलेल्या मशिन्स घेतल्या, जुपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेस मशीन, आणि भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक एलपी काढली. एचएमव्हीने काढली म्हणजे कंपनी काही लहानसहान नव्हती. रेकॉर्ड चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये शिकागोतून ॲसिड हाउस म्हणून इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचा जो प्रकार जगभर गेला तो त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभा होता, आणि इथे आपल्या मुंबईत एका माणसाने ते आधीच करून ठेवलं होतं. पण कळलं कधी? २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा. मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात स्टेजवर गेले, तरुण पोरं नाचली, पेपरात लेख आले, आणि २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले.

लोक ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगतात, बघा शेवटी न्याय झाला. मला ती ऐकून गलबलून येतं. अठ्ठावीस वर्षं! त्या अठ्ठावीस वर्षांत त्या वाटेवरची दुसरी रेकॉर्ड झाली असती, तिसरी झाली असती, ती ऐकून परळच्या नाहीतर भांडुपच्या एखाद्या पोराने चौथी केली असती. ते काहीच झालं नाही आणि ते आता कोणीही शोधून काढू शकत नाही, कारण जे झालंच नाही ते सापडणार कुठून. डेट्रॉइटच्या रॉड्रिग्ज या गायकाचंही तेच. १९७० आणि १९७१ मध्ये दोन अल्बम काढले, अमेरिकेत कोणी विचारलं नाही, माणूस इमारतींच्या तोडकामावर मजुरी करत राहिला, आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत तो घराघरात पोचलेला होता हे त्याला वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं. १९९८ मध्ये तो पहिल्यांदा तिथे गायला गेला. पुढे त्यावरच्या डॉक्युमेंटरीला ऑस्कर मिळालं. सगळं खरं. पण दोन अल्बमनंतर नव्या गाण्यांचा तिसरा आला नाही तो नाहीच आला. असे किस्से सांगून आपण जिवंत कलाकाराला धीर देतो, म्हणजे त्याला सांगतो की तू पंचवीस-तीस वर्षं थांब, आणि हे सांगताना आपल्याला काही वाटत नाही.

दुसरं उत्तर, इंटरनेट आहे ना आता. जागा कशाला पाहिजे.

इंटरनेटने बरंच दिलं, नाही म्हणत नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी हाउस गाणं परदेशातल्या डान्स लेबलवरून निघालं आणि सगळीकडे वाजलं, त्याआधी रॅपर नेझीने कुर्ल्यात आयपॅडवर व्हिडिओ शूट करून टाकला आणि लोकांनी उचलला, तेव्हा मराठी किंवा गल्लीतली भाषा आडवी येते हे म्हणणं आता कोणी करू नये. पण ही दोन्ही उदाहरणं नीट बघा. नाचाचं गाणं पहिल्या दहा सेकंदांत पकडतं. आणि मुंबईचा रॅप नुसता नेटवर वाढलेला नाही, तो सायफरमध्ये वाढला, म्हणजे पोरं बागेत, स्टेशनबाहेर, मैदानाच्या कोपऱ्यात गोल करून उभी राहायची आणि एकामागून एक म्हणायची, त्याला ना माईक लागतो ना लाईटचं कनेक्शन. स्वदेसी या रॅप ग्रुपमध्ये मराठी, हिंदी, गुजराती असं सगळं एकत्र येतं, २०१९ मध्ये आरेतले वारली कलाकार प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी जंगलतोडीवर गाणं केलं, ते नेटवर दिसलं हे बरोबर, पण ते उगवलं आरेच्या पाड्यात माणसं माणसांना भेटल्यामुळे.

हळू, शांत, अवघड संगीताचं नेटवर काय होतं ते मी मित्राच्या बाबतीत जवळून बघितलंय. त्याने एका व्हिडिओ साइटवर गाणं टाकलं, वर्णनात बेंजो लिहिलं. झालं. त्या साइटने त्याचं गाणं विसर्जन मिरवणुकीच्या मिक्सच्या मागेपुढे लावलं. नाचायच्या मूडमधला माणूस, त्याच्या कानावर हे सावकाश घरंगळणारं काहीतरी येणार, तो पाचव्या सेकंदाला पुढे जाणार, त्याची काय चूक. मग त्याने बेंजो शब्द काढून टाकला, तर गाणं कोणाला दाखवायचं हेच त्या मशीनला कळेना आणि ते कोणालाच दिसेना. म्हणजे ज्या वाद्यामुळे तो वेगळा आहे त्याचंच नाव लपवायचं की काय. आणि पैशाचं म्हणाल तर स्पॉटिफायने २०२४ पासून जाहीर नियमच केलाय की वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळणार नाही. कंपनी आहे, तिचा हिशोब ती करणार. मात्र अकरा माणसांपासून सुरुवात करणाऱ्याला तो दरवाजा बंदच आहे हे आपण ओळखून असावं, आणि नेट आहे ना म्हणून हात झटकू नयेत.

मग जागा. मुंबईत जागा आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, पण कोणासाठी ते बघू. एका बाजूला पबवजा जागा, जिथे गाणं ही खाण्यापिण्याची सोबत असते. तिथे मित्राला एकाने सरळ सांगितलं, पन्नास माणसं आण, तेवढ्याचं बिल होईल याची गॅरंटी दे, मग शनिवार नाही पण मंगळवार बघू. त्या माणसालाही मी वाईट म्हणणार नाही, त्याला भाडं भरायचंय. दुसऱ्या बाजूला आपली नाट्यगृहं, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, आठशे-हजार खुर्च्यांची, सकाळ-दुपार-रात्र अशा सत्रांवर चालणारी, त्यात चाळीस माणसं बसवली तर कलाकाराचाच जीव घाबरा होतो, आणि भाडं द्यायचं कशातून. म्हणजे एकीकडे बिलाची गॅरंटी आणि दुसरीकडे हजार खुर्च्या, यांच्या मधली, पन्नास-साठ माणसांची, खाण्यापिण्याची सक्ती नसलेली, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली कुठाय?

मोठ्यांचं काही अडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड आला, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन शो झाले, तिकिटं निघाल्या निघाल्या संपली, पुढे अहमदाबादच्या शोसाठी रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून दर वर्षी लोलापालूझा हा मोठा संगीत महोत्सव होतो. मला याचा आनंद आहे, शहरात गाणं वाजतंय यात वाईट काय. पण ज्या शहराला गाण्यासाठी रेल्वे सोडता येते त्याला एक खोली देता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आणि एकेकाळी होत्या ना जागा! धोबी तलावचं रंगभवन आठवा, उघड्यावरचं, १९७८ मध्ये जाझ यात्रा हा जाझचा महोत्सव तिथे सुरू झाला, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा, कॉलेजातल्या पोरांची बँड तिथे मोठी झाली. आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेज, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र, त्यामुळे तिथला आवाज थांबला. रुग्णांना त्रास नको हे अगदी बरोबर आहे, तो नियम मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक जागा बंद करताना तिच्या बदल्यात दुसरी द्यायची असते, ती कोणी दिली? पुढे लोअर परळला मिलच्या आवारात ब्ल्यू फ्रॉग हे लाइव्ह गाण्याचं ठिकाण निघालं २००७ मध्ये, चांगल्या साऊंडसाठी नावाजलं गेलं, २०१६ मध्ये तेही बंद. गिरणगावातल्या जमिनीचा भाव बघता गाण्यावर ती जागा टिकणार कशी.

गिरणगावाचं नाव निघालं म्हणून थोडं मागे जातो. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा त्यांच्याकडे कोणतं थिएटर होतं? चाळींमधला चौक होता. पाळी सुटली की श्रोता चालत येण्याच्या अंतरावर होता. तीच गोष्ट आंबेडकरी जलशांची. वामनदादा कर्डक मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहिली, वस्त्यावस्त्यांत जाऊन गायली, त्यांना ना सिनेमाने वर काढलं ना मोठ्या कंपन्यांनी, आणि तरी आजही ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या स्टॉलवर जी गर्दी असते ती बघा. हा मराठीतला सगळ्यात मोठा पर्यायी श्रोतावर्ग आहे, असं मला वाटतं, आणि तो वर्षातून ठरलेल्या तारखांना ठरलेल्या ठिकाणी जमत राहिल्यामुळे तयार झाला. ठरलेली जागा, ठरलेला दिवस, परत परत. यापलीकडे श्रोता तयार करायची दुसरी युक्ती मला तरी इतिहासात सापडलेली नाही.

नाटकवाल्यांनी हे आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवलंय. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर वगैरे मंडळींनी आविष्कार ही नाट्यसंस्था काढली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. शाळेचा हॉल, नाटकासाठी बांधलेला नाही. स्टेशनच्या कुशीत. त्याला पुढे छबिलदास चळवळ म्हणायला लागले, इतर संस्थाही तिथे प्रयोग करायला लागल्या, आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या किती नटांनी, लेखकांनी, दिग्दर्शकांनी तिथे हात साफ केला याची मोजदाद करत बसलो तर लेख संपणार नाही. पुढे आविष्कार माहीमच्या म्युनिसिपल शाळेत गेली, तिथेही वर्षानुवर्षं तालमी आणि प्रयोग झाले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण म्युनिसिपल शाळेत संध्याकाळी कला होऊ शकते हे या शहराने आधीच करून बघितलेलं आहे.

छबिलदासमध्ये प्रत्येक नाटक थोर होतं का? असं कोणी म्हणणार नाही. कित्येक पडली असतील, कित्येक प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेली असतील. पण पडलेल्या नाटकानंतर पुढच्या महिन्यात दुसरं करायला जागा तीच होती, आणि बघायला येणारी माणसंही बरीचशी तीच होती. पडायची सोय होती म्हणून ती माणसं उभी राहिली. मराठी गाण्याला ही सोय कधी मिळालीच नाही. नाटकाला प्रायोगिक रंगभूमी आहे, कवितेला, कथेला लिटल मॅगझिन, म्हणजे लेखकांनीच काढलेली छोटी अनियतकालिकं होती, गाण्याला काय? गाण्याला एकदम रिॲलिटी शो. तिथे सोळा वर्षांच्या पोरीने पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं जसंच्या तसं गायचं, आणि जेवढं जसंच्या तसं तेवढे मार्क.

इथे आपल्या श्रोत्यांबद्दलही बोलायला हवं, त्यात मीही आलो. आपण मराठी माणसं गाण्यावर जीव टाकतो, पण तो जीव जुन्या गाण्यांवरच अडकलाय. सुवर्णकाळाच्या गाण्यांचा कार्यक्रम लावा, नाट्यगृह भरतं. मलाही ती गाणी पाठ आहेत, माझ्या आईला त्यांच्याशिवाय स्वयंपाक सुचायचा नाही. पण जरा विचार करा, भावगीत हा प्रकार जेव्हा नवा होता, पेटी घेऊन एकटा माणूस कवींच्या कविता गातोय हेच जेव्हा नवल होतं, तेव्हा गजाननराव वाटवे पुण्यात गणेशोत्सवात चौकात गायला बसायचे आणि लोक रस्त्यावर बसून ऐकायचे. त्या लोकांनी नव्याला कान दिला म्हणून आज आपल्याकडे ते जुनं आहे. आपण आज कोणाला कान देतोय? तीस वर्षांनी आपल्या पोरांकडे आपल्या काळातलं म्हणून काय असेल?

तर मागणी काय. फार मोठी नाही. मुंबईत महापालिकेच्या शाळा ठिकठिकाणी आहेत, त्यातल्या मराठी माध्यमाच्या कितीतरी पटसंख्येअभावी रिकाम्या होतायत किंवा बंद होतायत, इमारती उभ्या आहेत. प्रत्येक वॉर्डात अशी एक शाळा निवडावी. तिचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते पावणेदहा, गाण्यासाठी उघडा ठेवावा. ऐंशी माणसांच्या वर नाही. आवाज खोलीत मावेल एवढाच, बाहेर भोंगे नाहीत. भाडं नाममात्र आणि सगळ्यांना सारखं. एवढ्या छोट्या कार्यक्रमाला मोठ्या जलशासारख्या परवानग्यांच्या फेऱ्या मारायला लावू नयेत, कळवलं की पुरे. आणि एक गोष्ट मी ठासून सांगेन, निवड समिती नको. समिती आली की तिला ओळखीचं वाटेल तेच निवडलं जाणार, म्हणजे पुन्हा जुनी गाणी. वही ठेवा, नाव लिहा, नंबर लागेल तेव्हा या. ज्याचं कोणालाच आवडलं नाही त्यालाही तीन महिन्यांनी परत नंबर लावता आला पाहिजे.

शेजारपाजारच्या लोकांना त्रास होईल हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मुंबईत माणूस आवाजाने पिचलेला आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट, आणि ते दिवस सणांना जातात, ते जाऊ देत, माझ्या मित्राची चूल त्याच दिवसांवर पेटते. मी दहाच्या आतलं, बंद खिडक्यांमागचं मागतोय. ज्या शाळेत दिवसभर शेकडो मुलं पाढे म्हणतात तिथल्या हॉलमध्ये रात्री एक माणूस हळू आवाजात गायला तर शेजारच्या बिल्डिंगला ते कळणारही नाही.

मग म्हणतात सरकारने, पालिकेने हे का करावं, गाणं काय पाणी आहे का. सिनेमाला अनुदान आहे, नाटकाला आहे, आणि ते असलंच पाहिजे या मताचा मी आहे. इथे तर अनुदान मागतच नाहीये. जी खोली संध्याकाळी कुलूप लावून बंद असते तिचं कुलूप काढा, एवढंच. वॉचमन तसाही तिथे असतो, फार तर एक पंखा आणि दोन दिव्यांचं बिल. आमचा माणूस तर पंखा आणि दिवे दोन्ही बंद करूनच वाजवतो.

तो आता त्रेचाळीसचा आहे. एकोणीस वर्षं ही गाणी करतोय. रॉकवाल्यांना वाटतं हे मिरवणुकीतलं वाद्य इथे काय करतंय, सुगम संगीतवाले विचारतात गळा कोणाकडे तयार केला, आणि बेंजो पार्टीतले त्याचेच दोस्त म्हणतात भावा यावर नाचायचं कसं. तिन्हीकडे तो बाहेरचा. पण मागच्या सहा महिन्यांत त्या अकरांतली सहा-सात माणसं मला कुठे ना कुठे भेटली आणि प्रत्येकाने तेच विचारलं, पुढचा कधी. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एका शाळेच्या हॉलसाठी अर्ज केला. खिडकीवरच्या क्लार्कने अर्ज वाचला, बेंजो या शब्दाखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, बेंजो म्हणजे मिरवणूक आली, लाउडस्पीकरची परवानगी आधी आणा. मित्राने काही न बोलता पिशवीतून अँप काढून काउंटरवर ठेवला. जेवणाच्या डब्याएवढा आहे तो, बॅटरीवर चालतो. क्लार्कने उचलून बघितला, फिरवून मागे पाहिलं, म्हणाला, एवढाच? हो, एवढाच. मग त्याने शब्दाखालची रेघ तशीच ठेवली पण अर्जावर शिक्का मारला आणि आवक नंबर टाकून पोच दिली. साहेब सोमवारी बसतात म्हणाला. आम्ही सोमवारी जाणार आहोत, आणि यावेळी अँपसोबत बेंजोही नेणार आहोत.